डिकँटरच्या बुडावर नाव का नसतं

कामठीची छावणी 1821 ची. नागपूर 1861 ला मध्य प्रांताची राजधानी झालं आणि 1867 ला मुंबईहून रेल्वे इथवर पोचली. साहेब लोकांच्या मेजावरची काच अशीच टप्प्याटप्प्याने आली, आणि ते गेल्यावर बरीचशी इथेच राहिली. आमच्या घरचं डिकँटर, म्हणजे मद्य ओतून ठेवायची बुचाची काचेची सुरई, आजोबांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा घेतलेलं. आजी उन्हाळ्यात त्यात वाळ्याचं सरबत भरायची. हातात घेणारा प्रत्येक जण ते उलटं करतो आणि विचारतो, कंपनी कोणती? बूड कोरं. त्या काळी काचेवर नाव घालायची रीतच फारशी नव्हती.

इंग्रजी काचेवर नाव आलं तेच मुळी एका दोषापायी. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 ला स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं, पण त्याच्या भांड्यांना बारीक तडे जाऊन ती धुरकट पडायची. पुढे शिसं घालून त्याने हे आटोक्यात आणलं आणि गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून डोमकावळ्याच्या डोक्याची मुद्रा लावायला सुरुवात केली. रेव्हन म्हणजे डोमकावळा. नावाची कोटीच ती.

इंग्लंडात 1745 च्या कायद्याने काचेवर वजनावारी कर बसला. आयर्लंडला तो नव्हता, पण तिथली काच बाहेर पाठवायला बंदी होती. ती 1780 ला उठली आणि 1783 ला कॉर्क व वॉटरफर्डला कारखाने निघाले. वॉटरफर्डच्या कारखानदार पेनरोज मंडळींनी तर इंग्लंडातल्या स्टूरब्रिजहून जॉन हिल हा काचेचा जाणकारच आणला. या आयरिश डिकँटरांचं बूड साच्यात फुंकलेलं असे, म्हणून काहींच्या बुडाशी 'पेनरोज वॉटरफर्ड' किंवा 'कॉर्क ग्लास कंपनी' अशी उठावाची अक्षरं सापडतात. मात्र डब्लिनच्या काही दुकानदारांनीही स्वतःची नावं तशीच घालून घेतली, त्यामुळे नाव मिळालं तरी ते कारागिराचंच असेल असं नाही. आयर्लंडवरही 1825 ला कर आला आणि त्या धंद्याची रया गेली.

पुढच्या खुणा कायद्याच्या आणि बाजाराच्या. 1842 ते 1883 मधली पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण ब्रिटिश मालावर मिळते. वरच्या गोलातला रोमन तीन म्हणजे काच. ती नक्षी कधी नोंदली ते सांगते, वस्तू कधी घडली ते नाही. फ्रान्सचा बकारा हा काचकारखाना 1764 चा, पण त्याच्या सगळ्या मालावर आम्लाने कोरलेली खूण 1936 पासूनची. खूण नाही म्हणून बकारा नाही, असं म्हणणारा विक्रेता घाई करतोय. गळ्याला चांदीची पट्टी असली तर काम सोपं: त्यावरचा जहाजाच्या नांगराचा छाप बर्मिंगहॅमचा. अर्थात तोही चांदीची पारख कुठे झाली तेवढंच सांगतो.

मी स्वतः आधी बूच पाहतो. काचेचं बूच ज्याच्या त्याच्या गळ्यात घासून बसवत, आणि अदलाबदल नको म्हणून दोन्हीवर एकच आकडा ओरखडत. आमच्या डिकँटरच्या गळ्यावर 7 आहे, बुचावर 12. आजीने त्याला मलमलीची चिंधी गुंडाळून ते घट्ट बसवलं होतं.