आभासी फुटबॉल : सामन्याचे पूर्वविश्लेषण

कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर) किंवा संगणकावर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक फुटबॉलमध्ये लढतीपूर्वी दोन्ही खेळाडूंची संघरचना, त्यांच्या सवयी, खेळाची चालू आवृत्ती आणि स्पर्धेचे नियम पाहून सामना कोणत्या अंगाने जाईल याचा अंदाज बांधला जातो. या अभ्यासाला पूर्वविश्लेषण म्हणतात. समालोचक तो प्रेक्षकांसाठी करतात, तर संघांचे प्रशिक्षक आणि खेळाडू स्वतःसाठी. मैदानी फुटबॉलच्या सामन्यापूर्वीच्या चर्चेशी त्याचे साम्य वरवरचे आहे. मैदानावर अकराही जण स्वतः विचार करतात. येथे एका वेळी एकच आभासी खेळाडू माणसाच्या ताब्यात असतो आणि उरलेले दहा खेळातील संगणकीय तर्क हलवतो. त्यामुळे एका माणसाचे दोन अंगठे आणि दहा जणांना आधीच देऊन ठेवलेल्या सूचना, या दोहोंचा मेळ कसा बसतो हे पाहणे हा या विश्लेषणाचा गाभा आहे.

ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीची ‘फिफा’ ही व्हिडिओ गेमची मालिका १९९३ साली सुरू झाली. तिच्यावर आधारित जागतिक स्पर्धा २००४ पासून भरू लागली आणि पहिली अंतिम फेरी स्वित्झर्लंडमध्ये झाली. २०१८ मध्ये या स्पर्धेला ‘फिफा ई-वर्ल्ड कप’ हे नाव मिळाले. पुढे जागतिक फुटबॉल महासंघ (फिफा) आणि ईए यांची फारकत झाली, तेव्हा २०२३ च्या सप्टेंबरपासून हाच खेळ ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने येऊ लागला. महासंघाने आपल्या स्पर्धेसाठी कोनामी या जपानी कंपनीच्या ‘ई-फुटबॉल’चा हात धरला. दोन्ही खेळांत चेंडूची चाल, टक्कर आणि बचावाची बटणे यांत बराच फरक आहे. एका खेळातील आडाखे दुसऱ्याला लावून केलेले विश्लेषण हमखास फसते.

नवखा वाचक सर्वप्रथम क्लबचे नाव पाहतो. पडद्यावर एका बाजूला रेआल माद्रिद आणि दुसऱ्या बाजूला गुणतक्त्याच्या मध्यावरचा एखादा जर्मन क्लब दिसला, की त्याला कौल स्पष्ट वाटतो. हा कौल बहुधा बिनकामाचा असतो. जर्मनीतील ‘व्हर्च्युअल बुंडेसलिगा’ २०१२ पासून चालते आणि २०१८–१९ पासून तिच्यात क्लबांची स्वतंत्र स्पर्धा आहे. या स्पर्धेत प्रत्येक आभासी फुटबॉलपटूचे गुणांकन, म्हणजे खेळाने त्याच्या कौशल्याला दिलेले गुण, सरसकट ८५ धरण्याची पद्धत वापरली गेली. अशा सामन्यात बायर्न म्युनिकसारख्या बलाढ्य क्लबची जर्सी हा निव्वळ रंगाचा प्रश्न उरतो. ‘अल्टिमेट टीम’ प्रकारात मात्र खेळाडू आपला संघ स्वतः जुळवतो आणि तेथे निवडीला वजन असते. उंच, बळकट आणि तरीही चपळ असलेला जुना डच फुटबॉलपटू रुड गुलिट अनेक वर्षे तेथे सर्वांना हवाहवासा होता. पण तो दोन्हीकडे असेल तर त्याचा फायदाही वजा होतो. म्हणून विश्लेषकाने पहिल्याच ओळीत सांगायला हवे की सामना समान गुणांकनाचा आहे की जुळवलेल्या संघांचा. इंटरनेटवर दिसणारी बरीच पूर्वविश्लेषणे ही ओळ गाळून थेट ‘गेल्या पाच सामन्यांतील गोल’ मोजू लागतात. त्या आकड्यांखाली कोणते नियम होते याचा तेथे पत्ताच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्ती. दरवर्षी नवा खेळ येतो आणि मोसम चालू असताना पॅच, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या दुरुस्त्या, येत राहतात. क्रिकेटमध्ये खेळपट्टीचा अंदाज न घेता संघ निवडू नये, तसेच पॅच न पाहता येथे भाकीत करू नये. ‘फिफा १९’ मध्ये फटका मारताना बटण दुसऱ्यांदा नेमक्या क्षणी दाबण्याची ‘टाइम्ड फिनिशिंग’ ही सोय आली. सुरुवातीला पेनल्टी क्षेत्राबाहेरूनही असे फटके जाळ्यात शिरत होते, आणि मोसम चालू असतानाच पॅचने ही धार बोथट केली. त्याआधीच्या गोलांची यादी दाखवून एखाद्याला लांबून मारण्यात पटाईत ठरवणे म्हणजे जुन्या पंचांगावर मुहूर्त काढणे होते. ‘फिफा २०’ मध्ये आपोआप बचाव करणाऱ्या सहकाऱ्यांची मदत कमी करून हाताने बचाव करण्यावर भर दिला गेला. ज्यांनी आदल्या वर्षी संगणकाच्या भरवशावर गोल वाचवले होते, त्यांची त्या मोसमात पंचाईत झाली. त्या त्या आवृत्तीत सर्वांत परिणामकारक ठरणाऱ्या रचना आणि चालींना खेळाडू ‘मेटा’ म्हणतात. मोसमाच्या अखेरीस मेटा इतका पक्का होतो की दोघेही जवळजवळ एकाच आराखड्याने उतरतात. मग फरक कुठे पडणार, हे शोधणे हेच विश्लेषकाचे खरे काम असते.

रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण फसगत सर्वांत जास्त तेथेच होते. ‘फिफा १९’ पासून अतिबचाव, बचाव, समतोल, आक्रमण आणि अतिआक्रमण असे पाच पवित्रे सामन्याआधी भरून ठेवता येऊ लागले आणि प्रत्येक पवित्र्याला वेगळी रचना देता येऊ लागली. सामना चालू असताना हातातल्या कंट्रोलरवरील दिशादर्शक बटणाने क्षणात पवित्रा बदलता येतो. त्यामुळे सुरुवातीला पडद्यावर दिसणारी ४–४–२ (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीवीर) ही रचना अनेकदा केवळ देखावा असते. खेळ सुरू होताच तिची जागा ४–२–३–१ घेते आणि बचावात्मक मध्यरक्षकांची जोडी बचावफळीसमोर ठाण मांडते. म्हणून अनुभवी समालोचक घोषित रचनेला फारसे महत्त्व देत नाहीत. आधीच्या सामन्यांत खेळातल्या नव्वद मिनिटांच्या घड्याळानुसार दहाव्या मिनिटाला आणि आघाडी घेतल्यानंतर संघ कसा उभा होता, हे ते पाहतात.

आकड्यांमागे सूचनाही असतात. बाजूचे बचावपटू आक्रमणात पुढे जाणार की मागेच थांबणार? बचावफळीची खोली किती ठेवली आहे? चेंडू गमावल्यावर लगेच दडपण टाकायचे की मागे सरून जागा बंद करायची? सतत दडपण टाकण्याची सूचना दिली तर आभासी खेळाडूंचा दम लवकर संपतो आणि सत्तराव्या मिनिटानंतर मधली फळी उघडी पडते. असा खेळाडू समोर असेल तर पहिली साठ मिनिटे चेंडू सांभाळून ठेवायचा आणि वेगवान राखीव आघाडीवीर शेवटासाठी राखायचा, हा जुना आणि अजूनही लागू पडणारा उपाय आहे. ‘एफसी २५’ मध्ये प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र भूमिका ठरवण्याची पद्धत आली. तेव्हापासून नुसत्या ४–३–३ वरून काही कळेनासे झाले आहे, कारण त्याच आकड्यांत बाजूचा बचावपटू आत सरकून मध्यरक्षक होऊ शकतो.

एवढे झाल्यावर उरतो तो माणूस. खेळाडूंच्या लढतींचे थेट प्रक्षेपण होत असल्याने तासन्‌तास चित्रण उपलब्ध असते, आणि जाणकार ते पाहताना चेंडूकडे कमी, बचावाकडे जास्त बघतो. बचाव करताना हा खेळाडू मध्यरक्षकाला हलवतो की घाई करून मध्यवर्ती बचावपटूला जागेवरून ओढतो? दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूविरुद्ध गोलरेषेपर्यंत जाऊन मागे दिलेला पास, ज्याला सगळे ‘कटबॅक’ म्हणतात, फार घातक ठरतो. एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे ताबा वळवताना तो कंट्रोलरची उजवी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) वापरतो की बटण दाबून खेळालाच निवड करू देतो? बटणावर विसंबणारा माणूस, प्रतिस्पर्ध्याने चेंडू झटपट दुसऱ्या बाजूला नेल्यावर, अर्धा क्षण मागे पडतो. गोल खाल्ल्यावर तो लगेच अतिआक्रमण पवित्रा घेतो का? एका गोलची आघाडी असताना ऐंशीव्या मिनिटानंतर चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो का? ‘फिफा १८’ आणि ‘१९’ च्या काळात गोल झाल्यावर लगेचच्या किक-ऑफवर उलट गोल बसण्याच्या तक्रारी फार होत्या. तेव्हा गोल केल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट कोण कसे खेळतो, याची वेगळी टिपणे ठेवली जात.

स्पर्धेची रचनाही भाकीत बदलू शकते. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ आणि २०१९ च्या जागतिक अंतिम लढतींत सापडते. दोन्ही लंडनच्या ओ-टू सभागृहात झाल्या आणि दोन्हींत प्लेस्टेशन गटाचा विजेता एक्सबॉक्स गटाच्या विजेत्यासमोर उभा राहिला. न्याय व्हावा म्हणून अंतिम लढत दोन सामन्यांची होती, प्रत्येक कन्सोलवर एक. कंट्रोलरची बांधणी वेगळी आहे. प्लेस्टेशनच्या दोन्ही स्टिक समोरासमोर असतात, तर एक्सबॉक्सची डावी स्टिक वर आणि उजवी खाली असते. वर्षभर एकाच कंट्रोलरला सरावलेला अंगठा दुसऱ्यावर चाचपडतो. तेव्हा साधा अंदाज असा की प्रत्येक जण आपल्या यंत्रावर जिंकेल आणि फरक गोलसंख्येत पडेल.

२०१८ मध्ये हा अंदाज साफ चुकला. एक्सबॉक्सवर खेळणाऱ्या सौदी अरेबियाच्या मोसाद अल-दोसरीने बेल्जियमच्या स्टेफानो पिन्नाला दोन्ही यंत्रांवर २–० असे हरवून एकत्रित ४–० ने विजेतेपद आणि अडीच लाख डॉलर मिळवले. परक्या कन्सोलवरही त्याचा बचाव ढळला नाही. पुढच्या वर्षी गतविजेता म्हणून तो पुन्हा अंतिम फेरीत आला आणि समोर होता जर्मनीचा मोहम्मद हार्कूस, खेळातले नाव ‘मोऔबा’. आदल्या वर्षीच्या निकालावर नजर ठेवणाऱ्यांनी अल-दोसरीला झुकते माप देणे स्वाभाविक होते. पण हार्कूसच्या बाजूने एक गोष्ट होती. त्याच मोसमात त्याने आणि ‘मेगाबिट’ मिशाएल बिटनर याने वेर्डर ब्रेमेन या क्लबला व्हर्च्युअल बुंडेसलिगाचे क्लब विजेतेपद मिळवून दिले होते. त्या स्पर्धेत एक सामना प्लेस्टेशनवर, एक एक्सबॉक्सवर आणि एक जोडीने खेळला जात असे. समान गुणांकनाच्या सामन्यांत महिनोन्‌महिने तावून निघालेला खेळाडू भारी संघाच्या आधारावर अवलंबून नसतो, आणि जवळचा सराव-सहकारी दुसऱ्या कन्सोलचा पट्टीचा खेळाडू असणे ही अशा अंतिम लढतीसाठी मोठी जमेची बाजू ठरते.

ओ-टूमध्ये एक्सबॉक्सवरचा पहिला सामना १–१ असा सुटला. येथेच लढतीचा तोल ढळला होता. परक्या यंत्रावर बरोबरी राखलेला हार्कूस आता आपल्या घरच्या कंट्रोलरवर खेळणार होता, आणि गोल करण्याची निकड दोघांना सारखीच असली तरी जोखीम अल-दोसरीची अधिक होती. परतीचा सामना हार्कूसने २–१ ने आणि एकत्रित ३–२ ने जिंकला. चांगले पूर्वविश्लेषण विजेता सांगू शकले नसते. पण पहिल्या सामन्यात हार्कूसला फक्त न हरण्याची गरज आहे, एवढे ते खात्रीने सांगू शकले असते. पुढे ‘फिफा २३’ पासून निरनिराळ्या कन्सोलवरच्या खेळाडूंना परस्परांशी खेळणे शक्य झाले आणि यंत्राचा हा पेच मागे पडला.

अंदाजाला मर्यादा आहेत. अल्टिमेट टीमचा सामना प्रत्यक्षात सहा-सहा मिनिटांच्या दोन अर्धात, म्हणजे बारा मिनिटांच्या खेळात संपतो. एवढ्या वेळात मोजक्याच संधी मिळतात आणि खांबाला लागून परतलेला एक चेंडू सगळे गणित उलटवतो. पिछाडीवर पडलेल्या बाजूला खेळ स्वतःच मदत करतो, अशी समजूत खेळाडूंमध्ये खोलवर आहे. तिला ते ‘मोमेंटम’ म्हणतात. ईएने हे नेहमीच नाकारले. २०२० मध्ये याच आरोपावरून कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला, पण कंपनीने तांत्रिक तपशील फिर्यादींपुढे ठेवल्यावर त्यांनी तो २०२१ मध्ये मागे घेतला. तरीही पराभवानंतरच्या मुलाखतीत हा शब्द ऐकू येतोच. विश्लेषकाने तो वापरू नये; ज्याची नोंद ठेवता येत नाही त्यावर भाकीत उभे राहत नाही.

चार-चार मिनिटांच्या अर्धांचे सामने दिवसरात्र चालवणाऱ्या काही लीग केवळ सट्टेबाजीच्या बाजारासाठी अस्तित्वात आहेत. तेथे एकच खेळाडू दिवसभरात अनेक क्लबांच्या जर्सीत अनेकदा उतरतो. ‘आर्सेनलचा आजचा फॉर्म’ अशा वाक्याला तेथे काही अर्थ नसतो. थकवा, त्याच प्रतिस्पर्ध्याशी तासाभरापूर्वी झालेली गाठ आणि खेळाडूची चिकाटी एवढेच पाहण्यासारखे असते.

भारतात इंडियन सुपर लीगने आपल्या क्लबांसाठी ‘ई-आयएसएल’ ही स्पर्धा सुरू केली. हांगचौ येथील एशियाडमध्ये, जे २०२३ मध्ये झाले, ई-स्पोर्ट्सना (स्पर्धात्मक व्हिडिओ गेमना) प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला आणि फुटबॉलमध्ये चरणजोत सिंग व करमन सिंग टिक्का हे दोघे भारताकडून खेळले. तेथील खेळ होता ‘एफसी ऑनलाइन’. तो संगणकावर चालतो आणि कोरियात अनेक जण तो कीबोर्डवर खेळतात. कन्सोलच्या स्टिकवर वाढलेल्या खेळाडूचे चित्रण पाहून बांधलेले आडाखे तेथे पुन्हा तपासावे लागतात, कारण कीबोर्डवर धावण्याच्या दिशा ठरावीकच असतात, पण त्या पकडण्याचा वेग जास्त असतो. २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सचा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवण्यात आला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. सट्ट्याच्या संकेतस्थळांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भाकितांना त्यामुळे भारतात आता जागा उरलेली नाही.