ड्रायव्हर व फर्मवेअर यांची देखभाल

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, चालणारे आणि उपकरणांशी संवाद साधणारे ड्रायव्हर आणि उपकरणांच्या आतील चिपांमध्ये साठवलेले फर्मवेअर या दोन प्रकारच्या आज्ञावली, उपकरण वापरात असेपर्यंत, निर्दोष आणि परस्परांशी सुसंगत राखण्याचे काम. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर कर्नलच्या अधिकारात चालतो. फर्मवेअर हे डिस्क, नेटवर्क कार्ड अशा घटकांच्या स्वतःच्या नियंत्रकावर चालते. त्याचाच एक प्रकार असलेला मायक्रोकोड प्रोसेसरच्या आत आज्ञांची फोड करतो. उपकरण बिघडले असे वापरणाऱ्यास वाटते तेव्हा दोष प्रत्यक्ष सिलिकॉनमध्येच असेल असे नाही; तो या दोन थरांपैकी एकात किंवा दोहोंच्या सीमेवरही असू शकतो. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सीमा मालकीचीही आहे : ड्रायव्हरचा मूळ कोड खुला असतो आणि अनेकांच्या नजरेखालून जातो, फर्मवेअर मात्र बहुधा उत्पादकाकडून तयार द्विमान (केवळ यंत्राला वाचता येणाऱ्या) स्वरूपात येते आणि त्यातील चूक सुधारणे उत्पादकाच्याच हाती असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्सचा विचार केला आहे, कारण तेथील बदलांचा इतिहास कोणालाही तपासता येतो.

उगम : विकलेल्या यंत्राचे अंतर्गत वर्तन नंतर बदलता यावे, या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मँचेस्टर येथील परिषदेत मांडलेल्या मायक्रोप्रोग्रॅमिंगच्या (प्रोसेसरचे नियंत्रण साठवलेल्या सूक्ष्म आज्ञांनी करण्याच्या) कल्पनेपासून सुरुवात करतात. त्यांच्या केंब्रिज येथील गटाने बांधलेला एडसॅक-२ हा १९५८ मध्ये कार्यान्वित झाला व या पद्धतीचा पहिला पूर्ण संगणक समजला जातो. त्याआधीच एमआयटीतील व्हर्लविंड या संगणकात डायोडांच्या जाळीतून नियंत्रण-संकेत निर्माण केले जात असत आणि विल्क्स यांना ते यंत्र परिचित होते. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन चार्ल्स बॅबेज यांच्या ॲनालिटिकल एंजिनच्या आराखड्यातील खुंट्या बसवलेल्या दंडगोलांचा दाखला देतात. तत्त्वाच्या इतिहासात या तिन्ही टप्प्यांना स्थान आहे. देखभालीच्या इतिहासात मात्र त्यांपैकी एकही फारसा उपयोगी नाही, कारण ग्राहकाच्या जागी जाऊन नियंत्रणाचा आशय बदलण्याची सोय करणे हा त्यांपैकी कोणाचाच हेतू नव्हता. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मालिकेतील बहुतेक प्रतिमाने मायक्रोप्रोग्रॅमवर चालत. त्यांपैकी मॉडेल ३० मध्ये मायक्रोकोड छिद्रे पाडलेल्या मायलर पत्र्यांवर असे. सुधारणा करावयाची झाल्यास पत्रा काढून दुसरा बसवावा लागे. पुढील सिस्टीम/३७० मालिकेतील काही प्रतिमानांत मायक्रोकोड साठवणारी नियंत्रण-स्मृती अर्धवाहक चिपांची झाली. वीज गेल्यावर ती रिकामी होत असल्याने मायक्रोकोड प्रत्येक वेळी बाहेरून भरणे भाग पडले. या कामासाठी १९७१ मध्ये आणलेली आठ इंची, सुमारे ८० किलोबाइट क्षमतेची आणि केवळ वाचता येणारी चकती ही पहिली फ्लॉपी डिस्क होय. नवी चकती पाठवली की जुने यंत्र सुधारले, ही व्यवस्था तिच्यामुळे शक्य झाली. म्हणून देखभालीचा आरंभ १९७० च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

वैयक्तिक संगणकांत प्रारंभी बायोस ही संगणक सुरू करणारी आज्ञावली न बदलणाऱ्या चिपमध्ये असे. १९९० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृतीचा वापर रूढ झाला आणि ती जागेवरच पुन्हा लिहिता येऊ लागली. सोयीबरोबर धोकाही आला : १९९८ मध्ये आढळलेला आणि २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांत सक्रिय झालेला सीआयएच विषाणू काही मदरबोर्डांवरील बायोसच पुसून टाकत असे.

प्रोसेसरांच्या बाबतीत १९९४ मधील पेंटियमच्या भागाकार-दोषाला निर्णायक वळण मानण्याची प्रथा आहे. लिंचबर्ग कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आलेल्या या दोषामुळे काही विशिष्ट संख्यांच्या भागाकारात चूक येत असे, आणि सदोष चिपा बदलून देण्यासाठी इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. त्यानंतर नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड दुरुस्तीची सोय होती. या दोन घटनांत थेट कार्यकारणभाव जोडला जातो, तो जपूनच स्वीकारावा. पेंटियम प्रोचा आराखडा १९९० पासून आकार घेत होता आणि दोषाचा गाजावाजा झाला तेव्हा तो बराच पुढे गेलेला होता. या प्रकरणाने त्या सोयीची निकड पटवली, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल.

ड्रायव्हरमधील दोषांचे प्रमाण : ड्रायव्हर हा कर्नलचा सर्वांत दुबळा भाग आहे, हे मत २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या पाहणीनंतर रूढ झाले. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या स्वयंचलित साधनांनी तपासल्यावर ड्रायव्हरांमधील काही प्रकारच्या चुकांचा दर उर्वरित कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पट आढळला. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील नूक्स प्रकल्पाच्या निबंधात विंडोज एक्सपीमधील नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात, असे नमूद केले गेले. ही दोन्ही विधाने अद्याप उद्धृत होतात. तथापि २०११ मध्ये फ्रान्स व डेन्मार्कमधील संशोधकांनी हाच प्रयोग २.६.० ते २.६.३३ या आवृत्त्यांवर पुन्हा केला असता निराळे चित्र दिसले. या काळात कर्नलचा आकार दुपटीहून अधिक झाला, दर ओळीमागील चुका घटल्या, आणि चुकांची एकूण संख्या ड्रायव्हरांतच सर्वाधिक असली तरी त्यांचा दर फाइल सिस्टीम व प्रोसेसर-विशिष्ट भाग यांच्या खाली आला. पहिल्या पाहणीमुळेच ड्रायव्हरांकडे अधिक लक्ष पुरवले गेले आणि त्याचा हा परिणाम असावा, असे अनुमान पटण्याजोगे आहे. या पाहण्या कोडमध्ये दिसणाऱ्या चुका मोजतात. खऱ्या उपकरणावर, ताण असताना, ठराविक क्रमानेच उद्‌भवणारे बिघाड त्यांच्या जाळ्यात सापडत नाहीत, ही मर्यादा दोन्ही निष्कर्षांना लागू होते.

ड्रायव्हर कर्नलबाहेर, सामान्य प्रोग्रॅमप्रमाणे चालवावेत आणि कोसळल्यास पुन्हा सुरू करावेत, हा पर्याय अँड्र्यू टॅननबॉम यांच्या मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये राबवला गेला. लिनक्सने तो मार्ग घेतला नाही. तेथे डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीपासून स्मृतिविषयक चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेला वाव देण्यात आला आहे.

सीमेवरील बिघाड : या प्रकारचे सर्वांत बोधक उदाहरण २००८ मधील आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये २.६.२७ या आगामी आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांच्या संगणकांतील इंटेलची काही नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. कार्डाची ओळख व मांडणी ज्या पुनर्लेखनक्षम स्मृतीत असते तिचा आशय बिघडत असे. मग आशय शाबूत असल्याचे दाखवणारी तपासणी-बेरीज जुळत नसल्याने ई१०००ई हा ड्रायव्हर कार्ड स्वीकारत नसे, आणि जुनी आवृत्ती परत बसवूनही उपयोग होत नसे. संशय अर्थातच ड्रायव्हरवर, नंतर ग्राफिक्सच्या भागांवर गेला, आणि काही लिनक्स वितरणांनी (कर्नलसह तयार संच देणाऱ्या प्रकल्पांनी) चाचणी आवृत्त्यांत तो ड्रायव्हर बंद करून ठेवला. प्रत्यक्षात दोष एफट्रेस या कर्नलच्या मागोवा-सुविधेत निघाला. फंक्शनांच्या आरंभीचे पत्ते ती टिपून ठेवी आणि पुढे सवडीने त्या जागांवरील आज्ञा बदली. मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा घटक, सुरू होताना एकदाच लागणारा भाग काम झाल्यावर स्मृतीतून मोकळा केला जातो. टिपलेल्या यादीत मात्र त्याचे पत्ते तसेच राहत. त्याच पत्त्यांवर पुढे नेटवर्क कार्डाची स्मृती जोडली गेली, तर तुलना करून बदल करणारी एफट्रेसची क्रिया सरळ कार्डावर जाऊन आदळे. साध्या स्मृतीत अशी क्रिया जुना आशय जुळला नाही तर निरुपद्रवी ठरते, उपकरणाच्या स्मृतीत तशी हमी नसते. ऑक्टोबरमध्ये निघालेल्या २.६.२७.१ या दुरुस्ती-आवृत्तीत ती सुविधा बंद करण्यात आली. ई१०००ईमध्ये कार्डाची स्मृती लेखनापासून संरक्षित करणारे बदलही झाले, आणि दोषी नसलेल्या ड्रायव्हरने केलेली ही बचावात्मक सुधारणा देखभालीच्या दृष्टीने मूळ दुरुस्तीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

२०१३ च्या आरंभी सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू केल्यावर कायमचे बंद पडले तेव्हाही प्रथम ड्रायव्हरलाच दोष दिला गेला. लिनक्स विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिले की यूईएफआय या बायोसची जागा घेणाऱ्या फर्मवेअरची नोंदींसाठी राखलेली जागा जवळजवळ भरली की विंडोजवरूनही तोच परिणाम साधता येतो.

फर्मवेअरमधील काळबद्ध दोष : एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सॉलिड-स्टेट ड्राइव्हविषयी सूचना काढली : एचपीडी८ पूर्वीचे फर्मवेअर असल्यास ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, चालल्यानंतर ड्राइव्ह निकामी होईल आणि त्यातील माहिती परत मिळणार नाही. चिन्हासह १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ असल्याने तासांचा गणक ओसंडत असावा, हे उघड अनुमान आहे. एका ड्राइव्हचा बिघाड दुसऱ्याच्या बिघाडाशी निगडित नसतो, या गृहीतावर रेडची (अनेक ड्राइव्हवर माहिती विभागून वा दुहेरी ठेवण्याच्या पद्धतीची) सारी सुरक्षितता उभी असते. एकाच दिवशी बसवलेले आणि सारखे फर्मवेअर असलेले ड्राइव्ह मात्र जवळपास एकाच वेळी बंद पडतात. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही ड्राइव्हबाबत ४०,००० तासांची तशीच सूचना निघाली.

दुरुस्ती हाच बिघाड ठरण्याचा प्रकारही नोंदला गेला आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या सुरक्षादोषावर दिलेल्या मायक्रोकोडमुळे हॅसवेल व ब्रॉडवेल प्रोसेसर असलेले संगणक अनपेक्षितपणे पुन्हा सुरू होऊ लागले आणि २२ जानेवारीस इंटेलनेच त्याचे वितरण थांबवण्यास सांगितले. याउलट २०२४ मध्ये तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थैर्यावर दिलेला मायक्रोकोड अवाजवी व्होल्टेजची मागणी रोखतो, पण आधी झालेली झीज भरून काढत नाही. त्यामुळे कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

वितरण व जबाबदारी : लिनक्समध्ये फर्मवेअर कर्नलच्या कोडपासून वेगळे, लिनक्स-फर्मवेअर या संग्रहात ठेवले जाते, कर्नलच्या आत उरलेल्या फायली २०१७ मधील ४.१४ आवृत्तीत काढून टाकण्यात आल्या. मदरबोर्ड, ड्राइव्ह इत्यादींसाठी रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेली एफडब्ल्यूअपडी ही सेवा उत्पादकांनी स्वाक्षरी केलेल्या फायली पोहोचवते. फर्मवेअर लिहिताना वीज गेल्यास उपकरण अर्धवट अवस्थेत अडकू नये म्हणून दोन प्रती ठेवून जुनीकडे परतण्याची सोय करतात, परंतु स्वस्त उपकरणांत ती अनेकदा नसते. मुक्त परवाना नसलेले फर्मवेअर डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत प्रतिष्ठापन-माध्यमात जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपर्यंत समाविष्ट नव्हते. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर आधारलेली असल्याने या निर्णयाशी तिचाही संबंध येतो.

प्रत्येक ड्रायव्हरचा सांभाळ कोणाकडे आहे, हे कर्नलमधील मेंटेनर्स या फाइलीत लिहिलेले असते. तेथे 'अनाथ' असाही एक दर्जा आहे. २०१९ मध्ये फ्लॉपी ड्रायव्हर काही काळ त्या दर्जाला गेला, कारण चालू स्थितीतील खरी फ्लॉपी यंत्रणा चाचणीसाठी मिळेनाशी झाली होती. उपकरण हाताशी नसताना केलेली दुरुस्ती केवळ संकलित होते (म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित होते), एवढेच खात्रीने सांगता येते. कर्नलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सहा वर्षे आधार देण्याचा प्रघात २०२३ मध्ये दोन वर्षांवर आणण्याचे ठरले. औद्योगिक नियंत्रणासाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प निवडक आवृत्त्या दहा वर्षांपर्यंत सांभाळतो. मोबाइल फोनमध्ये चिपनिर्मात्याने एकदा दिलेल्या ड्रायव्हरांवरच फोनचे आयुष्य अवलंबून राहते. ही अडचण कमी करण्यासाठी गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून चिपनिर्मात्याचा भाग उर्वरित प्रणालीपासून विलग केला.