मिनी गोल्फ सुरू करायचंय? मग बजेट जूनपासून मांडा

आम्ही मिनी गोल्फचे, म्हणजे अडथळ्यांमधून बॉल होलात घालायच्या छोट्या गोल्फचे, कोर्स बांधून देतो. आमच्याकडे चौकशीचे फोन येतात ते जास्त करून दिवाळीनंतर. हवा गार झालेली असते, लोक मुलाबाळांना घेऊन संध्याकाळी बाहेर पडत असतात, कुणी बाहेरगावी कुठंतरी मिनी गोल्फ खेळून आलेलं असतं आणि बाणेर, वाघोली नाहीतर भूगाव साइडला स्वतःची नाहीतर पाहुण्यांची जागा पडून असते. पहिला प्रश्न ठरलेला, टर्फ (कृत्रिम गवत) काय स्क्वेअर फूट पडतं? दुसरा प्रश्न, अडथळे म्हणून तो मोठा हत्ती, पवनचक्की वगैरे बनवून देता का? देतो, सगळं बनवून देतो, धायरीत आपलं छोटं वर्कशॉप आहे. पण त्याआधी हे पत्रक एकदा शांतपणे वाचा, कारण पुण्यात हा धंदा बसतो तो टर्फमुळं नाही आणि हत्तीमुळं तर नाहीच, तो बसतो पावसामुळं. जून ते सप्टेंबर हे चार महिने ज्यानं कागदावर आधी मांडले तो टिकतो.

आमच्या सुरुवातीच्या एका कामात आम्हीच हे नीट बघितलं नव्हतं. जमीन काळी होती, मालकांना डिसेंबरच्या सुट्टीआधी ओपनिंग पाहिजे होतं, म्हणून वरची माती थोडी खरवडून त्यावरच पीसीसी (साधं काँक्रीट) टाकली. सहा महिने एकदम झकास चाललं. मग जूनमध्ये काळी माती पाणी पिऊन फुगली आणि चार लेनच्या (बॉल मारायच्या पट्ट्यांच्या) कोब्याला भेगा गेल्या, आणि होलच्या कपाखाली पाइप दिलेला नव्हता त्यामुळं कपात पाणी भरून राहायचं, मुलानं मारलेला केशरी बॉल कपात पडायचा आणि परत वर येऊन तरंगत बसायचा. ते पोरगं आईला विचारत होतं की आता हा पडला धरायचा का नाही. त्या लेन आम्ही आमच्या खर्चानं उखडून परत केल्या, आणि तेव्हापासून निचऱ्याचं काम कोटेशनमधून काढा असं कुणी म्हणालं तर आम्ही ते काम घेत नाही.

जागा बघताना

१८ होलचा कोर्स, थोडं पार्किंग, काउंटर आणि चहा-कॉफीची सोय असं सगळं धरलं तर साधारण २० गुंठे म्हणजे अर्धा एकर हाताशी पाहिजे. ९ होल करायचे असतील तर ८-१० गुंठ्यात बसतं, पण ९ होलचा राउंड अर्ध्या तासाच्या आतच संपतो आणि लोकांना वाटतं एवढंच होय, मग तिकीट कमी ठेवावं लागतं. जमीन काळी असेल तर दीड-दोन फूट काढायची, मुरूम भरायचा, सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून रोलर फिरवायचा, मगच पीसीसी. मुरमाड माळरान असेल तर हा खर्च बराच वाचतो, म्हणून भाडं थोडं जास्त असलं तरी मुरमाड जागा घ्या असंच आम्ही सांगतो.

मोठ्या झाडांची सावली सगळ्यांना आवडते, आम्हालाही आवडते, फक्त रेनट्रीखाली लेन घेऊ नका, त्याची बारीक पानं टर्फच्या केसात अशी अडकतात की झाडूनं निघत नाहीत, ब्लोअर लागतो आणि रोज लागतो.

आणि करार. पुण्यात ११ महिन्यांच्या कराराची सगळ्यांना सवय आहे, घरासाठी ते ठीक आहे. इथं तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीत पैसे अक्षरशः पुरणार आहात, तेव्हा कमीत कमी ५ वर्षांचा रजिस्टर्ड करार पाहिजे आणि मधेच जागा खाली करायला लावता येणार नाही असं कलम त्यात पाहिजे. जागा महापालिकेत येते का पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जमीन एनए (बिगरशेती) आहे का, झोन कुठला, हे टोकन द्यायच्या आधी बघा. पोलीस परवानगी, फायर, शॉप ॲक्ट, खायचं ठेवणार असाल तर फूड लायसन्स, हे सगळं नंतर होतं, चकरा मारायला लागतात पण होतं. सार्वजनिक दायित्वाचा विमा मात्र पहिल्या दिवसापासून काढा, लहान मुलाच्या हातात पटर (बॉल मारायची काठी) असतो आणि तो कधी कुठं फिरेल सांगता येत नाही.

लेन कशी असते

खऱ्या गोल्फचं होल १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि बॉल ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, आम्ही होल आणि बॉल दोन्ही त्याच मापाचे घेतो. लेनची रुंदी मात्र आम्ही टर्फच्या रोलवरून ठरवतो. आपल्याकडे रोल साधारण २ मीटर रुंद मिळतो, म्हणून लेन १ मीटरची घेतली की एका रोलमध्ये बरोबर दोन लेन निघतात, ४ फुटाची घेतली तर अडीच फुटाची पट्टी उरते आणि ती कशाच्याच कामाची नसते. एक लेन सरासरी ८ मीटर लांब धरली तर १८ लेनचं मिळून टर्फ होतं १४४ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम साडेपंधराशे स्क्वेअर फूट. वेस्टेज धरून साडेसतराशे. लॉनवाला मोठ्या केसांचा टर्फ अजिबात नको, बॉल अडखळतो, आखूड केसांचा पटिंग टर्फच घ्या, लावण्यासकट १३० रुपये पडला तरी सगळं मिळून सव्वादोन-अडीच लाखात होतं. ज्या टर्फच्या रेटवरून दहा ठिकाणी फोन फिरवले जातात तो एकूण खर्चात एवढासाच असतो.

टर्फ चिकटवायच्या आधी आम्ही एक टेस्ट करतो आणि ती तुम्ही स्वतः उभं राहून बघावी असा आमचा आग्रह असतो. घोटून तयार झालेल्या कोब्यावर वरच्या टोकाकडून बादलीभर पाणी सोडायचं. कोब्याला शंभराला एक ते दीड एवढा ढाळ दिलेला असतो, पाणी कपाकडं नाहीतर कडेच्या चॅनेलकडं पळालं पाहिजे. पाच मिनिटांनी जिथं जिथं पाणी थांबलेलं दिसेल तिथं गवंडी खडूनं गोल करतो आणि तेवढा भाग परत घोटतो. प्रत्येक कपाखालून पाइप निघतो, सगळे पाइप एका मेन लाइनला आणि ती शोषखड्ड्यात. पाइपच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पानं जाऊन बसतात. कडेच्या बॉर्डरला लाकूड दिसायला सुंदर दिसतं पण पहिल्याच पावसाळ्यात फुगतं आणि मग बॉल सरळ परत येत नाही. विटांची नाहीतर पेव्हरची बॉर्डर घ्या.

गर्दीचा हिशोब हळू होलवरून

अख्खा कोर्स तेवढाच वेगात चालतो जेवढं त्यातलं सगळ्यात हळू होल चालतं. एखाद्या होलला चौघांच्या ग्रुपला ५ मिनिटं लागत असतील तर तासाला १२ च ग्रुप सुटणार, म्हणजे ४८ माणसं, मग बाकीची १७ होल कितीही सोपी असू देत. रविवारी ५ ते १० चालवलंत तर जास्तीत जास्त २४० माणसं, त्याच्यापुढं तिकिटं फाडली की लोक लायनीत उभे राहून वैतागतात आणि परत येत नाहीत. म्हणून पहिली दोन होल सोपी आणि सरळ ठेवा, अवघड होल सातव्या-आठव्याच्या पुढं, आणि ६ फटक्यात नाही गेला तर ७ लिहून पुढं चला हा नियम प्रत्येक स्कोअरकार्डवर मोठ्या अक्षरात छापा. आणि शक्य तितक्या होलना व्हीलचेअर जाईल असा रस्ता आणि सपाट एंट्री द्या, अमेरिकेत निम्म्या होलसाठी हे कायद्यानंच करावं लागतं, आपल्याकडं आजी-आजोबा आणि स्ट्रोलरवाले आईबाबा दोघांनाही त्याचा उपयोग होतो.

देखाव्यांसाठी बाहेरचे किल्ले आणि डायनासोर आणायची काही गरज नाही हो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा करा, बॉल दरवाज्यातून आत, पर्वतीच्या पायऱ्या करा, चांदणी चौकातला फ्लायओव्हर करा ज्यात एक रस्ता वरून आणि एक खालून, चुकलात तर बॉल भलतीकडंच उतरतो. भिडे पूल तर केलाच पाहिजे, दर पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली जातो हे पुण्यातल्या शाळकरी पोरालापण माहितीये, पाण्याच्या अडथळ्यासाठी याच्याइतका आपला विषय दुसरा नाही. लोक अशाच होलपाशी फोटो काढतात आणि ते फोटो म्हणजे तुमची फुकट जाहिरात.

आता पैशाचं

हे आकडे हिशोब कसा मांडायचा ते दाखवायला घेतलेत, तुमच्या जागेप्रमाणं बदलतील. जमीन, मुरूम, निचरा ७ लाख, पीसीसी, बॉर्डर आणि मधले रस्ते ९ लाख, टर्फ अडीच, देखावे ५, लाइट आणि बॅकअप ५, काउंटर, टॉयलेट, कुंपण, पार्किंग मिळून ८, पटर, बॉल वगैरे १ लाख. झाले साडेसदतीस. त्यावर १० टक्के अडीअडचणीला, म्हणजे सव्वाएक्केचाळीस लाखांच्या आसपास, जागेचं डिपॉझिट वेगळं.

महिन्याचा खर्च बघा, भाडं १ लाख २० हजार, पाच माणसांचे पगार ९० हजार, लाइट-पाणी ३०, देखभाल २०, जाहिरात-विमा-किरकोळ २०, एकूण २ लाख ८० हजार. तिकीट २५० ठेवलं आणि जीएसटी जाऊन हातात २१० आले असं धरा (दर तुमच्या सीएकडून पक्का करून घ्या), तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला १३३४ तिकिटं विकावी लागतात. शनिवार-रविवारचे ८ दिवस १०० माणसं आणि बाकीचे २२ दिवस २५ माणसं आली की १३५० होतात. शनिवार-रविवारचं टेन्शन घेऊ नका, ते भरतात. मंगळवारी २५ कुठून येणार याचा विचार करा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांच्या टीम पार्ट्या, शाळांच्या सकाळच्या सहली, वाढदिवस, हे मधल्या वारांना वळवता आलं तरच गणित जुळतं.

आता वर्षाचा कागद घ्या आणि पहिला महिना जून लिहा. समजा पावसाळ्यात महिन्याला ७० हजारच आले, तर दर महिन्याला २ लाख १० हजारांची खोट, चार महिन्यांची ८ लाख ४० हजार. ही रक्कम बांधकामाच्या खात्यात ठेवूच नका, वेगळ्या एफडीत टाका आणि तिकडं बघू पण नका. गणपतीच्या दहा दिवसातल्या संध्याकाळी शून्य धरा, सगळं पुणं देखावे बघायला पेठांमध्ये असतं. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते खरी पण दुपारी टर्फ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, लहान मुलं गुडघे टेकून बॉल काढतात तेव्हा चटका बसतो, म्हणून १२ ते ५ बंदच ठेवा. खरी कमाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

एक जुनी गोष्ट सांगतो, १९३० च्या आसपास अमेरिकेत मिनी गोल्फची अशी लाट आली होती की काही महिन्यांत हजारो कोर्स उघडले आणि त्यातले बहुतेक थोड्याच काळात बंदपण पडले. एकदा खेळून झालं की माणसाला परत यायला काहीतरी कारण लागतं. म्हणून दरवर्षी २-३ होल बदलायचे, त्यासाठी लाख-दीड लाख बाजूला, आणि पावसाळ्यात माणसं मोकळी असतात तेव्हाच ते काम काढायचं, शेवाळ घासणं, रंगरंगोटी, पटरचे रबर बदलणं पण तेव्हाच.

भेटायला येताना सातबारा, जागेचा हातानं काढलेला का होईना नकाशा, आणि मागच्या पावसाळ्यात जागेत पाणी कुठं साठलं होतं त्याचे फोटो घेऊन या. फोटो नसतील तर शेजारच्या टपरीवाल्याला विचारून या, त्याला बरोबर माहिती असतं.