लिपिक-टंकलेखक भरतीचा अर्ज आणि ‘३० शब्द प्रति मिनिट’ : पार्श्वभूमी

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातीत पदवीच्या पुढे एक ओळ असते: मराठी टंकलेखन किमान ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी टंकलेखन किमान ४० शब्द प्रति मिनिट. अर्ज भरणारे बहुतेक जण ही ओळ वाचून प्रमाणपत्राचा क्रमांक टाकतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. गेल्या काही वर्षांत नेमक्या याच ओळीने मुख्य परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींना यादीबाहेर ठेवले आहे. ही ओळ जाहिरातीत कुठून आली आणि तिचा अर्थ कसा बदलत गेला, हे त्यामुळे जरा सविस्तर पाहायला हवे.

पदाच्या नावातच दोन कामे जोडलेली आहेत. पेशवाईतला आणि पुढे इंग्रजी अमलातला कारकून हाताने लिही, बराच काळ मोडीत. कचेऱ्यांत टंकयंत्र आले तसे लिहिणारा आणि टंकणारा हे दोन वेगळे लोक झाले आणि पुढे पुन्हा एका पदात आले. राज्यस्थापनेनंतर पदनामांचे मराठीकरण झाले, त्यात ‘क्लार्क-टायपिस्ट’चा ‘लिपिक-टंकलेखक’ झाला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर कार्यालयीन पत्रव्यवहार मराठीत करणे बंधनकारक होत गेले आणि इंग्रजी टंकलेखनाइतकीच मराठी टंकलेखनाची गरज भासू लागली. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूट त्याच काळात फोफावल्या.

त्या दिवसांत आजच्या अर्थाने ‘अर्ज करणे’ ही पहिली पायरी नव्हतीच. पहिली पायरी होती सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवण्याची. रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने आले. कार्यालये पदे कळवत, तिकडून ज्येष्ठतेप्रमाणे नावे पाठवली जात आणि ज्याच्या घरी पत्र येई तोच मुलाखतीला जाई. ठरलेल्या मुदतीत नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले की ज्येष्ठता जाई. कित्येकांची पाच-सात वर्षांची रांग अशी एका विसरलेल्या तारखेने पुसली गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की, फक्त सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवणे पुरेसे नाही, वर्तमानपत्रांतून जाहिरातही दिली पाहिजे. तिथून खुल्या अर्जांचा काळ सुरू झाला.

खुले अर्ज म्हणजे मोठे पाकीट. त्यात डिमांड ड्राफ्ट किंवा पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले दुसरे पाकीट आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेल्या साक्षांकित प्रती. मंत्रालय आणि बृहन्मुंबईतल्या कार्यालयांचे लिपिक महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जात, बाकीचे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवड समित्यांमार्फत. त्यामुळे एकाच उमेदवाराला चार जिल्ह्यांत प्रयत्न करायचे तर चार अर्ज, चार ड्राफ्ट आणि अनेकदा एकाच रविवारी दोन ठिकाणी परीक्षा. साक्षांकनाची अट २०१५ मध्ये गेली आणि स्वतःची सही चालू लागली. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३३ होती, ती २०१६ मध्ये ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. हा शेवटचा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याने पदवीनंतर दहा-पंधरा वर्षे तयारी करत राहण्याची वाट मोकळी केली आणि अर्जांची संख्या कायमची वाढवली.

२०१७ ते २०२० हा महापरीक्षा पोर्टलचा काळ. अनेक खात्यांचे अर्ज एका ठिकाणी आले, परीक्षा संगणकावर झाली. तक्रारी इतक्या साचल्या की फेब्रुवारी २०२० मध्ये पोर्टल बंद झाले. पुढे बाहेरच्या कंपन्यांकडे परीक्षा सोपवल्या गेल्या आणि २०२१ च्या अखेरीस आरोग्य खात्याच्या परीक्षेचा पेपर फुटल्याचे उघड झाले, दुसऱ्या एका भरतीची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. त्याच संतापातून राज्यभरातली लिपिक पदे आयोगाकडे द्यावीत ही मागणी जोर धरत गेली आणि २०२२ मध्ये शासनाने ती मान्य केली. उरलेल्या सरळसेवा, म्हणजे पदोन्नतीने नव्हे तर थेट होणाऱ्या, भरतीसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन मोठ्या संस्था ठरल्या. फरक खिशाला लगेच कळतो. तिथल्या अर्जाची फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. आयोगाच्या २०२३ च्या पूर्व परीक्षेची ३९४ आणि २९४. शिवाय आयोगाचा पेपर सगळ्यांना एकाच दिवशी, एकच. अनेक सत्रांत परीक्षा घेतली की गुणांचे समानीकरण, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका पातळीवर आणणे, करावे लागते आणि त्यातून २०२३ च्या तलाठी भरतीसारखे २०० पैकी २१४ गुण जाहीर होतात. लिपिक पदे आयोगाकडे गेली हे योग्यच झाले.

जानेवारी २०२३ ची जाहिरात ८,१६९ पदांची होती, त्यातली ७,०३४ पदे एकट्या लिपिक-टंकलेखकाची. एवढी मोठी संख्या आयोगाच्या जाहिरातीत आल्यावर जिल्ह्यांतल्या भरतीवर नजर ठेवून बसलेले सगळेच तिकडे वळले. अट एकच होती, ती वरची ओळ.

आता त्या ओळीकडे. अनेक वर्षे तिचा अर्थ सरळ होता: शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा पास असल्याचा कागद. तुम्ही एका मिनिटात किती टंकता हे भरती करणारे कार्यालय पाहत नसे, ती परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेने ते आधीच पाहिले आहे असे धरले जाई. टंकयंत्रावरची शेवटची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. त्याआधीच संगणक टंकलेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि नंतर तोच उरला. मग २०२३ च्या भरतीत प्रमाणपत्राच्या जोडीला प्रत्यक्ष कौशल्य चाचणी आली. ती केवळ अर्हताकारी, म्हणजे तिचे गुण धरले जात नाहीत. पण नापास झालात तर ४०० गुणांच्या मुख्य परीक्षेत मिळवलेले सगळे वाया.

चाचणी घ्यावी की नाही यावर मतभेद आहेत. चाचणीच्या बाजूचे म्हणतात, प्रमाणपत्रे विकत मिळतात, रुजू झालेल्या लिपिकाला साधे पत्र टंकता येत नाही. विरोधातले म्हणतात, शासनाच्याच परिषदेने दिलेले प्रमाणपत्र शासनच मानत नसेल तर ते द्यायचे कशाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण खरी अडचण तिसरीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते: ‘शब्द’ म्हणजे काय?

‘तो घरी गेला.’ हे वाक्य घ्या. डोळ्यांनी मोजले तर तीन शब्द. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीच्या, कीबोर्डवर मोजा: त, ो, मोकळी जागा, घ, र, ी, मोकळी जागा, ग, े, ल, ा, पूर्णविराम. बारा कळा. आता ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ घ्या. डोळ्यांना दोन शब्द. कळा मात्र जिल्हाधिकारीच्या बारा, मधली जागा एक, कार्यालयच्या आठ, एकूण एकवीस. संगणकावरच्या चाचण्यांत साधारणपणे पाच कळांचा एक शब्द धरतात. त्या हिशेबाने पहिले वाक्य अडीच शब्दांपेक्षा थोडे कमी भरते आणि दुसरी जोडी चार शब्दांच्या वर जाते.

म्हणजे कार्यालयीन मराठीचा उतारा डोळ्यांनी शब्द मोजून ३० च्या गतीने टंकायचा तर मिनिटाला तीनशेच्या आसपास कळा माराव्या लागतील. कळा मोजून ३० ची गती म्हणजे मिनिटाला १५०, दहा मिनिटांत १,५००. एकाच ‘३०’ चे हे दोन अर्थ जवळजवळ दुपटीने वेगळे आहेत. केंद्राच्या कनिष्ठ लिपिक परीक्षेत हा गोंधळ होत नाही, कारण तिथे इंग्रजीचे ३५ शब्द म्हणजे ताशी १०,५०० कळा आणि हिंदीचे ३० शब्द म्हणजे ताशी ९,००० कळा असे जाहिरातीतच स्पष्ट लिहिलेले असते. आपल्याकडे टंकलेखनाच्या प्रमाणपत्रावर नुसता आकडा असतो. ज्यांनी घरी उताऱ्यातले शब्द मोजत सराव केला, ते विनाकारण धास्तावले, आणि ज्यांनी गोष्टीच्या पुस्तकातले छोटे शब्द घेऊन केला, ते गाफील राहिले. सराव करताना शब्द मोजणे सोडून द्या, दहा मिनिटांत १,५०० कळा बसतात का एवढेच पाहा. इंग्रजीला ४० च्या गतीने २,०००.

दुसरा गुंता कीबोर्डचा. टंकयंत्रावर शिकलेल्यांचा हात रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला असतो. तिथे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकतात: ‘जि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ज. ‘र्या’ लिहिताना आधी या, मग वरचा रफार. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: ज, मग वेलांटी, र, हलन्त, य, मग काना. ‘कार्यालयीन’ हा शब्द रेमिंग्टनवर नऊ कळांत बसतो, इनस्क्रिप्टवर दहा लागतात. एक कळ कमी-जास्त झाल्याने बिघडत नाही, बोटांना लागलेला क्रम उलटा झाल्याने बिघडते. अर्जात किंवा चाचणीआधी कीबोर्डचा पर्याय विचारला असेल तर तो हातावर बसलेला कोणता आहे हे पाहूनच निवडावा. ‘युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट’ हा समज चुकीचा आहे. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला संगणकात सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत, ती अक्षरे रेमिंग्टन मांडणीनेही उमटवता येतात.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण ती गुण खाते. ‘दुसऱ्या’ मधला ऱ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’चेही तसेच: एक स्वतंत्र अक्षर, दुसरे अ वर चंद्र देऊन केलेले. उतारा तपासणारी प्रणाली सांकेतिक क्रमांकांची तुलना करत असेल तर डोळ्यांना बरोबर दिसणारा शब्द तिच्या लेखी चूक ठरतो. चाचणीच्या उताऱ्यात कोणते रूप वापरले आहे आणि दोन्ही रूपे ग्राह्य आहेत का, हे भरती करणाऱ्यांनी आधीच लिहून द्यायला हवे. उमेदवाराच्या हातात एवढेच आहे की आपल्या मांडणीत ऱ आणि ॲ स्वतंत्र कळेवर आहेत का ते पाहायचे आणि तीच सवय लावायची.

गतीचा प्रश्न येण्याआधीच अर्ज बाद होतात ते तारखांमुळे. जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेचा एक दिनांक दिलेला असतो. टंकलेखनाची परीक्षा त्याआधी दिली पण निकाल नंतर लागला, तर अर्हता नंतर मिळाली असे धरले जाते. परीक्षेला बसल्याची पावती चालत नाही. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राचे असेच. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख हे सगळ्यांना पाठ असते, पण प्रमाणपत्राची वैधता एक ते तीन वर्षांची असते आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते चालू असावे लागते. तहसीलमध्ये मार्च-एप्रिलमध्ये उसळणारी गर्दी त्याचीच. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, ते जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवावे.

समांतर आरक्षण, म्हणजे जातीच्या प्रवर्गांच्या आतच विशिष्ट गटांसाठी राखलेल्या जागा, हा अर्जातला सर्वांत महागडा रकाना आहे. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, पदवीधर अंशकालीन १०, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २, दिव्यांग ४, अनाथ १. पूर्व परीक्षेच्या अर्जात जो दावा केला तोच पुढे चालतो, नंतर बदलता येत नाही. घरात धरणग्रस्त असल्याचा दाखला आहे पण तो भावाच्या नावावर वापरला गेला, हे अर्ज भरल्यावर लक्षात येते आणि मग दावा अंगाशी येतो. लहान कुटुंबाचे, म्हणजे अपत्यांच्या संख्येबद्दलचे, प्रतिज्ञापत्र २००५ च्या नियमांनी आले, विवाहित उमेदवारांनी ते वरवर वाचून सही करू नये. आणि फी: अर्ज सादर झाला पण ऑनलाइन भरणा अडकला, असे शेवटच्या दोन दिवसांत हमखास होते. फी पोहोचली नाही तर अर्जाचा क्रमांक मिळूनही तो अर्ज धरला जात नाही. पैसे खात्यातून वजा झाल्याचा संदेश हा पुरावा नव्हे, आयोगाच्या खात्यावर लॉगिन करून भरण्याची स्थिती पाहावी.

२०२४ पासून गट-ब आणि गट-क च्या पूर्व परीक्षा पुन्हा वेगळ्या झाल्या. लिपिक-टंकलेखक गट-क मध्ये राहिला. महसूल खात्यात त्याला आता ‘महसूल सहायक’ म्हणतात. जिल्हा परिषदेत ‘कनिष्ठ सहायक’ म्हणतात आणि ती भरती आयोगाच्या कक्षेत आलेली नाही, २०२३ ची १९,४६० पदांची जिल्हा परिषद भरती बाहेरच्या संस्थेमार्फतच झाली. जाहिराती शोधताना फक्त ‘लिपिक’ हा शब्द टाकणाऱ्याला ही पदे सापडत नाहीत. काम तेच, टेबल तेच, अर्ज मात्र दुसऱ्या संकेतस्थळावर, वेगळ्या फीने आणि वेगळ्या अभ्यासक्रमाचा.