पाच प्रती चालू हव्यात

समजा, कळमना बाजारातले संत्र्याचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाईलवर दाखवणारं एक ॲप नागपुरातल्या चार मुलामुलींनी बनवलं. दुपारी त्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. सकाळी लिलाव सुरू झाला की काटोल, नरखेड, वरूडकडून झुंबड उडते. तेव्हाही ते कोलमडू नये, म्हणून ॲप कंटेनरमध्ये ठेवतात आणि त्याच्या अनेक प्रती चालवतात.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारी ती साधी प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रामच असते, फक्त लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तिला इतरांपासून वेगळं ठेवतो. कर्नलच्या नेमस्पेस या सोयीमुळे तिला शेजारच्या प्रोसेस दिसत नाहीत. सीग्रुप या दुसऱ्या सोयीमुळे तिला मेमरी किती मिळणार हे ठरतं. सीग्रुप २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं, आणि २०१३ मध्ये डॉकर या साधनाने हे तंत्र सामान्य प्रोग्रामरच्या हाती दिलं.

या प्रती सांभाळणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटीस. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही, की तिला 'हे कर, मग ते कर' असं सांगायचं नसतं. 'पाच प्रती चालू हव्यात' एवढं लिहून द्यायचं. मग फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटसारखी ती हवं ते आणि आहे ते यांतला फरक सतत पाहत राहते. एक प्रत पडली, चार उरल्या, की पाचवी उभी करते.

प्रती ज्यावर चालतात ते अख्खं यंत्रच, म्हणजे सर्व्हरच, बंद पडला तर? यंत्राकडून खुशाली येणं थांबलं की सुमारे पाऊण मिनिटात ते बाद ठरतं आणि त्याच्याकडे नव्या विनंत्या जात नाहीत. पण त्यावरच्या प्रतींच्या जागी दुसरीकडे नव्या उभ्या करण्याआधी, वेगळं काही ठरवलं नसेल तर, आणखी पाच मिनिटं वाट पाहिली जाते. नेटवर्क क्षणभर तुटलं म्हणून सगळी हलवाहलव नको. म्हणूनच मुळात प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरलेल्या हव्यात.

'हवं ते' जिथे लिहिलेलं असतं, ती नोंदवही म्हणजे एटसीडी. तिच्या सहसा तीन प्रती असतात आणि नव्या नोंदीवर त्यांपैकी दोघींचं एकमत लागतं. हिची देखभाल कठीण, आणि सर्व्हर भाड्याने देणारी क्लाउड कंपनी हेच काम अंगावर घेते. ॲमेझॉनची सेवा या तीन प्रती वेगवेगळ्या विभागांत ठेवते आणि एका क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या यंत्रांच्या समूहाच्या, या व्यवस्थापनासाठी तासाला दहा सेंट आकारते, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर. ॲप ज्या यंत्रांवर चालतं त्यांचं भाडं वेगळंच. ॲप छोटं असेल तर एक साधा सर्व्हर पुरतो, असं मी ठामपणे सांगेन.

ॲपची मेमरी-मर्यादा चुकीची लिहिली, तर मात्र ही सेवा वाचवत नाही. मर्यादा ओलांडताच कर्नल कंटेनर मारतो, कुबरनेटीस तो पुन्हा सुरू करतं, तो पुन्हा मरतो. आणि ऐन लिलावात शेतकऱ्याला भाव दिसत नाही.

मग ॲप कुठल्या केंद्रातून चालवायचं? ॲमेझॉनची डेटा केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत. नागपूरहून सरळ रेषेत मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, हैदराबाद सव्वाचारशेच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका दिशेने फरक एक-दीड मिलिसेकंदाचा. शिवाय केबल सरळ रेषेत जात नाही. तेव्हा नागपुरातून आणि काटोलातून दोन्हीकडचा वेळ प्रत्यक्ष मोजावा आणि मगच केंद्र निवडावं.