घरी एकटं राहिलं की आजारी पडणारं कुत्रं

तक्रार साधारण अशी असते. दोन-अडीच वर्षांचं कुत्रं, लसी वेळच्या वेळी झालेल्या, एरवी ठणठणीत. एक दिवस अचानक ते ताटलीकडे ढुंकून बघत नाही. पिवळी उलटी करतं, जुलाब लागतात, कोपऱ्यात मलूल होऊन पडतं. डॉक्टर म्हणतात, काहीतरी बाधलंय. सलाईन लागतं, दोन इंजेक्शनं होतात आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं दारात उड्या मारत उभं. घरच्यांच्या जिवात जीव येतो. महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच सगळं.

कोल्हापुरातल्या अनेक घरांत आता दिवसभर कुणी नसतं. एक जण गोकुळ शिरगावला एमआयडीसीत, एक जण बँकेत किंवा शाळेत, मुलं क्लासला. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये किंवा रंकाळ्याकडच्या बंगल्यात कुत्रं सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटं. हळूहळू घरच्यांच्या लक्षात येतं की आजारपण नेमकं कुणी गावाला गेलं की, पाहुण्यांची वर्दळ झाली की, नाहीतर गणपतीत डॉल्बी वाजला की येतं. मग शेजारपाजारचे म्हणतात, ‘लाडावलंय, तुम्ही नसला की नाटकं करतंय.’

या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. रक्तदाब उतरणं, सोडियम घटणं, हृदयाचे ठोके मंदावणं ही नाटकं कोणत्याही कुत्र्याला करता येत नाहीत. एकटेपणाशी जुळणारं आजारपण मनाचंही असू शकतं, पण ते शरीरातल्या एका ठरावीक बिघाडाचंही, म्हणजे ॲडिसनच्या आजाराचंही, असू शकतं. तो बिघाड वेळेत ओळखला नाही तर कुत्रं दगावतं आणि ओळखला तर जवळपास पूर्ण आयुष्य जगतं. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याच्या दोन्ही मूत्रपिंडांजवळ एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. तिच्या बाहेरच्या थरात दोन महत्त्वाची संप्रेरकं तयार होतात. एक कॉर्टिसॉल, दुसरं अल्डोस्टेरॉन. ताण आला की मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचा निरोप रक्तातून पाठवते आणि अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवते. हे कॉर्टिसॉल रक्तदाब सांभाळतं, रक्तातली साखर पडू देत नाही, आतड्याचं अस्तर शाबूत ठेवतं. मालक बाहेर पडला, कुलूप लागलं, घर शांत झालं, हा कुत्र्यासाठी ताणच असतो. धडधाकट कुत्रं तेवढं कॉर्टिसॉल तयार करतं आणि वेळ निभावून नेतं.

काही कुत्र्यांत मात्र त्यांचीच रोगप्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते आणि तिचा बाहेरचा थर हळूहळू नष्ट करते. ग्रंथीत राखीव क्षमता भरपूर असते, त्यामुळे साधारण 90 टक्के भाग गेल्याशिवाय फारसं काही दिसत नाही. उरलेल्या भागावर रोजचं भागतं. पण ताण आला, जास्तीचं कॉर्टिसॉल लागलं की द्यायला काही उरलेलं नसतं. कुत्रं कोसळतं ते तेव्हा. एरवी खेळणारं, खाणारं कुत्रं घरचे परगावी गेले की आजारी पडतं, त्यामागे हे गणित असतं.

माणसांमधला हा आजार लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये सविस्तर मांडला, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनाही तो होता. त्या काळच्या रुग्णांमध्ये ग्रंथी बहुतेक वेळा क्षयरोगानं खराब झालेली असायची. कुत्र्यांत ती बहुधा प्रतिकारशक्तीच्या चुकीनं जाते. तरुण ते मध्यम वयाच्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो, माद्यांमध्ये अधिक. स्टँडर्ड पूडल, ग्रेट डेन अशा काही जातींत प्रमाण जास्त असलं तरी लॅब्राडोरला किंवा आपल्या देशी कुत्र्याला तो होणारच नाही असं नाही.

अल्डोस्टेरॉन गेलं की आणखी एक संकट. या संप्रेरकामुळे मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. ते नसलं की सोडियम लघवीवाटे वाहून जातं, त्याच्यामागून पाणी जातं, रक्ताचं आकारमान घटतं, रक्तदाब उतरतो. इकडे पोटॅशियम साठत जातं आणि हृदयाला बाधतं. शॉकमध्ये गेलेल्या कुत्र्याचं हृदय एरवी धडधडत असतं; या आजारात मात्र कुत्रं निपचित पडलेलं आणि ठोके उलट संथ. हाताखाली असं विपरीत लागलं की अनुभवी डॉक्टर लगेच सावध होतात.

सलाईननं बरं का वाटतं, तेही यातच आहे. सलाईन म्हणजे मीठपाणी. हरवलेलं सोडियम आणि पाणी परत मिळतं, रक्तदाब सावरतो, पोटॅशियम पातळ होऊन लघवीतून निघून जातं. सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन असेल तर कमी पडलेलं कॉर्टिसॉलही तात्पुरतं भरून निघतं. म्हणजे नकळत अगदी बरोबर औषध दिलं गेलेलं असतं, फक्त एका दिवसापुरतं. कुत्रं इतक्या झटपट सावरतं की ‘पोटच बिघडलं होतं’ या निदानावर शिक्कामोर्तब होतं. पशुवैद्यकात हा आजार बहुरूपी म्हणून ओळखला जातो. कधी तो पोटाचा विकार वाटतो, तर कधी रक्तातलं युरिया-क्रिएटिनिन वाढल्यामुळे चक्क किडनी फेल झाल्यासारखा दिसतो.

आता रिपोर्टचा कागद जवळून बघू. हातात साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, आहे आणि त्यावर सगळं ‘नॉर्मल’ लिहिलंय. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण सणकून आजारी कुत्र्याच्या अंगात कॉर्टिसॉल वाढलेलं असायला हवं आणि कॉर्टिसॉल वाढलं की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी घटतात, इओसिनोफिल तर जवळपास दिसेनाशा होतात. चार वेळा उलट्या करून गळून गेलेल्या कुत्र्याच्या रिपोर्टमध्ये या दोन्ही पेशी ऐटीत भरपूर असतील, तर तिथेच शंका घ्यायला हवी. एवढ्या आजारात रक्त इतकं निवांत कसं? ही खूण सर्वांत स्वस्त तपासणीत असते आणि ‘नॉर्मल’ शब्दाखाली दबून जाते.

पुढची पायरी सोडियम आणि पोटॅशियम. या तपासणीला मोठी लॅब लागत नाही. निरोगी कुत्र्यात सोडियमचा आकडा पोटॅशियमच्या साधारण 27 ते 40 पट असतो. तो 27 च्या खाली गेला की ॲडिसनचा संशय बळावतो. बळावतो म्हणतो, सिद्ध होतो म्हणत नाही, कारण आतड्यातल्या चाबूककृमींचा जोर झाला तरी हे आकडे असेच बिघडू शकतात. मातीत नाक खुपसणाऱ्या तरुण कुत्र्याची शी तपासून घ्यायची ती म्हणूनच. उलट काही कुत्र्यांत फक्त कॉर्टिसॉल जातं आणि सोडियम-पोटॅशियम बरोबर राहतं. ही अशी प्रकरणं वर्षानुवर्षं ‘नाजूक पोट’ म्हणून फिरत राहतात.

कॉर्टिसॉलची एक साधी तपासणी इथे फार कामाची आहे. आकडा दर डेसिलिटरला 2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आला, तर ॲडिसन जवळपास निकालात निघतो. कमी आला तर पक्की चाचणी करायची. आधी रक्त घ्यायचं, मग कृत्रिम एसीटीएच टोचायचं आणि साधारण तासाभरानं पुन्हा रक्त घ्यायचं. निरोप पोचूनही ग्रंथी ढिम्म राहिली की निदान झालं.

डॉक्टरांना एक विनंती मात्र सलाईन आणि इंजेक्शन सुरू होण्याआधीच करायला हवी: ‘आधी रक्त काढून ठेवता का?’ प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिल्यावर कॉर्टिसॉलचा आकडा खोटा येऊ शकतो, सलाईननंतर सोडियम-पोटॅशियम सावरलेलं दिसतं. कुत्रं अत्यवस्थ असेल तर उपचार थांबवायचे नाहीतच. तेव्हा डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा पर्याय असतो, कारण ते या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जात नाही. खाजेसाठी आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगायला हवं. बरेच दिवस स्टेरॉइड देऊन एकदम बंद केलं की झोपी गेलेली ग्रंथी वेळेवर जागी होत नाही आणि चित्र हुबेहूब ॲडिसनसारखं दिसतं.

अर्थात पुन्हा पुन्हा आजारी पडणारं प्रत्येक कुत्रं ॲडिसनचं नसतं. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात पहिला संशय गोचीड तापावर जायला हवा आणि बहुतेक डॉक्टरांचा जातोही. तपकिरी गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या अंथरुणाच्या आसपास लपते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. अंगावरच्या गोचीड काढल्या, घर तसंच ठेवलं, तर दिवसभर त्याच कोपऱ्यात पडून राहणाऱ्या कुत्र्याला पुन्हा लागण होत राहते. शिवाय गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जंतू महिनोन्‌महिने शरीरात गुपचूप राहू शकतो आणि बॅबेसिया गिब्सोनी हा तांबड्या पेशींतला परजीवी उपचारानंतरही उलटतो. ताप, फिकट हिरड्या, प्लेटलेट घटलेल्या, अशी चिन्हं असली की रोख तिकडेच.

खाण्याकडेही बघायचं. आपल्याकडे रविवारी मटण शिजतं आणि तांबडा रस्सा लावलेला भात कुत्र्याच्या ताटलीत जातो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे रविवारच्या जेवणाचा संबंध बुधवारच्या अशक्तपणाशी कुणी जोडत नाही. जेवणानंतर, विशेषतः मांस खाल्ल्यावर, एखादं लहान चणीचं तरुण कुत्रं भेलकांडत असेल किंवा भिंतीला डोकं टेकवून उभं राहत असेल, तर यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी शोधावी लागते. मनुका आणि चिंच दोन्हींतलं टार्टारिक आम्ल कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतं. घरात एकटं असलेलं कुत्रं चिंचेचा गोळा डब्यासकट ओढून काढतं. आंब्याच्या दिवसांत गिळलेली कोय आतड्यात कधी अडते, कधी सरकते, आणि उलट्याही तशाच ये-जा करतात.

एकटेपणाची खरीखुरी भीतीही असतेच. ती ओळखायला जुना मोबाइल कामी येतो. बाहेर पडताना तो व्हिडिओ सुरू करून खोलीत ठेवायचा. भीती असेल तर कुत्रं बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, लाळ, रडणं, दार ओरबाडणं सुरू करतं. ॲडिसनचं कुत्रं पुष्कळदा शांत झोपून राहतं आणि संध्याकाळी उठताना मागच्या पायांत थरथरतं. भीतीवर उपाय आहेत: काही मिनिटांपासून सुरुवात करून एकटं राहण्याची सवय लावणं आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन. मारणं, कोंडून घालणं यानं भीती वाढतेच.

व्हिडिओबरोबर भिंतीवरचं कॅलेंडरही वापरावं. उलटी कधी झाली, काय खाल्लं होतं, घरी कोण नव्हतं, पाऊस होता का, फटाके होते का, एवढं दोन शब्दांत त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. पाच वेगवेगळ्या वेळी पाच डॉक्टरांनी पाहिलेली पाच ‘पोटं बिघडलेली’ अशी एका कागदावर आली की कधीकधी निदान तिथेच दिसतं.

ॲडिसन निघालाच तर घाबरून जाऊ नये. गेलेली ग्रंथी परत येत नाही, पण तिचं काम गोळ्या करतात. अल्डोस्टेरॉनच्या जागी रोज फ्लुड्रोकॉर्टिसोन, किंवा जिथे मिळतं तिथे साधारण महिन्याला एक डीओसीपीचं इंजेक्शन. कॉर्टिसॉलच्या जागी थोडं प्रेडनिसोलोन. उपचार आयुष्यभराचे. सोडियम-पोटॅशियम सुरुवातीला लवकर लवकर आणि पुढे काही महिन्यांनी एकदा तपासायचं.

ताणाच्या दिवशी धडधाकट शरीर आपोआप कॉर्टिसॉल वाढवतं. या कुत्र्यासाठी ते घरच्यांना करावं लागतं. जोतिबाच्या यात्रेला जायचं असेल, दिवाळी तोंडावर असेल, कुत्र्याला कुणाकडे ठेवायचं असेल, तर प्रेडनिसोलोनचा डोस त्या दिवसांपुरता वाढवतात, बहुधा दुप्पट. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. ज्याच्याकडे कुत्रं ठेवणार त्याच्या हातात गोळ्यांबरोबर एक चिठ्ठीही द्यायची: आजाराचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर, आणि ठळक अक्षरांत एवढं, की उलटीतून गोळी पडली तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठावा.