गप्प बसण्याचं प्रशिक्षण

जिवलग गमावलेल्यांना आधार देणाऱ्या समुपदेशकांच्या वर्गात दोघांना समोरासमोर बसवतात. एक होते आई गमावलेली मुलगी, दुसरा समुपदेशक. ‘मुलगी’ बोलता बोलता थांबते, खाली बघते. पाचेक सेकंद जातात न जातात तोच समोरच्याला राहवत नाही: ‘होईल हो सगळं ठीक!’ सराव तिथेच थांबतो आणि प्रशिक्षक विचारतात: ती शांतता नेमकी कोणाला जड झाली, तिला की तुम्हाला?

गप्प बसायला शिकण्याआधी बरंच विसरावंही लागतं. सगळ्यात चिवट म्हणजे ‘दुःखाचे पाच टप्पे’: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले, पण मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले. मग नवशिका समुपदेशक मनातल्या मनात टप्पे मोजत बसतो, ‘हिला अजून राग कसा नाही आला?’

मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. माणूस दुःख आणि नवं आयुष्य यांत झोके घेतो. सकाळी बँकेत वारस म्हणून शांतपणे सह्या करणारी बाई दुपारी नवऱ्याचा शर्ट हुंगत रडते. दोन्ही निरोगीच. म्हणून ‘तुम्ही भावना दाबताय’ हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळायला शिकवतात.

बहुतेक जण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. उपचार सगळ्यांना लागत नाहीत. साधारण दहातल्या एकाचं दुःख मात्र गोठून राहतं. २०२२ पासून अमेरिकन मनोविकार नियमावलीत त्याला स्वतंत्र निदान आहे. प्रौढांसाठी अट, मृत्यूला किमान बारा महिने झालेले असावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा. मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या २००५ च्या चाचणीत अशा दुःखासाठी खास बेतलेल्या उपचारांनी ५१ टक्के लोकांना फरक पडला, नात्यांवर भर देणाऱ्या प्रचलित मानसोपचाराने २८ टक्के. या खास उपचारांत रुग्ण डोळे मिटून मृत्यूची हकिकत मोठ्याने सांगतो, ती ध्वनिमुद्रित होते आणि घरी नेऊन पुन्हा ऐकायची असते. ऐकणाऱ्या समुपदेशकाचीही कसोटीच.

म्हणून काही ठिकाणी आधी समुपदेशकाच्याच हाती कागद देतात. आडवी रेघ ओढायची, जन्मापासून आजवर काय काय गमावलं त्याच्या खुणा करायच्या. एखादी खूण करताना पेन अडखळतं. वर्गात कोणी काही बोलत नाही.